हंगामाच्या सणाला वाहिलेलं पाणी

बार्शीला गाडी बदलताना शमुवेलच्या हातून पेटी निसटली आणि तिचा भाता एका कोपऱ्यात उसवला. आमच्या प्रवासाची सुरुवात ही अशी झाली. शमुवेल माझा धाकटा भाऊ. मी कीर्तन करते, तो पेटीवर साथ करतो. आमचे वडीलही कीर्तनकार होते, अहिल्यानगरच्या आसपासच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून फिरायचे. हातात चिपळ्या, आधी पूर्वरंग, मग उत्तररंग, सगळं नेहमीच्या कीर्तनासारखं. आख्यान मात्र प्रभू येशूच्या दाखल्यातलं. बाई कीर्तनाला उभी राहते याचंही आता कुणाला फारसं नवल वाटत नाही, पण ख्रिस्ती कीर्तन म्हटलं की लोक अजून वळून बघतात. येडशीच्या गाडीत शेजारी बसलेल्या एका आजोबांनी पेटी पाहून चौकशी केली. मी सांगितल्यावर ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, "तुमच्यात बी कीर्तन असतंय व्हय? मग आमच्यासारखंच की." त्यानंतर त्यांनी पिशवीतून हुरडा (भाजलेले ज्वारीचे कोवळे दाणे) काढून आम्हा दोघांच्या हातावर ठेवला.

येडशीपाशी बालाघाटाचे डोंगर जवळ येतात आणि रस्ता त्यांच्या कडेनं वळणं घेतो. जानेवारीचा तिसरा आठवडा होता. डोंगर पिवळे पडले होते, पण खाली शेतांमध्ये ज्वारी कणसाला आलेली आणि हरभरा घाट्यांनी लगडलेला. ढोकी जवळ येऊ लागली तसा ऊस वाढला. उसानं भरलेले ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या ओढत पुढं चाललेले, त्यांच्या मागं आमची गाडी रांगत होती. हवेत मळीचा गोडसर, आंबूस वास होता. शमुवेलनं नाकाला रुमाल लावला. मला तो वास आवडला.

ढोकीच्या फाट्यावर चामड्याचं काम करणाऱ्या एका माणसानं पेटीचा भाता शिवून दिला. तोवर आम्हाला न्यायला रफिकभाई रिक्षा घेऊन आले. आम्हाला जायचं होतं ते गाव तिथून आत होतं. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं जे घडलं ते तसं कुठल्याही गावात घडू शकतं. रफिकभाई रिक्षा चालवतात आणि नळजोडणीचंही काम करतात. वाटेत त्यांनी गावाची सगळी माहिती दिली. चर्चच्या भिंतीला लागून ऊसतोड कामगारांची टोळी उतरली आहे, हेही त्यांनीच सांगितलं. दरवर्षी टोळी तिथंच उतरते, म्हणाले, आणि दरवर्षी पाण्यावरून काहीतरी होतं.

चर्च लहान, दगडी, कौलारू. मागं मुलामुलींचं छोटं वसतिगृह आणि अंगणात विहीर. भोवती कमरेच्या वर येईल एवढी भिंत आणि माळाच्या बाजूला लोखंडी फाटक. फाटकाला कुलूप. भिंतीपलीकडच्या उघड्या माळावर कोप्या (उसाच्या पाचटाच्या झोपड्या) दाटीनं उभ्या होत्या. आम्ही उतरलो तेव्हा पाच-सहा बाया डोक्यावर घागरी घेऊन लांबून चालत येत होत्या, भिंतीला अगदी खेटून. आत विहिरीवर मोटर चालू होती आणि वसतिगृहाच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

पाळकसाहेब तरुण होते, चेहऱ्यावरून भला माणूस. त्यांच्या घरी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वांग्याची भाजी जेवलो. जेवण झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "ताई, आख्यान कोणतं घेणार?"

मी सांगितलं: श्रीमंत माणूस आणि त्याच्या दारात पडलेला भिकारी लाजर.

त्यांचा चेहरा उतरला. हंगामाचा सण आहे, म्हणाले, आनंदाचा दिवस. दुसरं काही घेता येईल का? मग खरं कारणही त्यांनीच सांगितलं. गेल्या वर्षी टोळीतल्या लोकांना विहिरीचं पाणी दिलं होतं. गर्दी झाली, भांडणं झाली, कुणीतरी मोटर चालूच ठेवली आणि ती जळाली. वसतिगृहातल्या मुलांना बरेच दिवस पाण्यावाचून काढावे लागले. म्हणून यंदा पंचांनी फाटकाला कुलूप घालायचं ठरवलं. किल्ली याकोब गुरुजींकडे. गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि मंडळीचे ज्येष्ठ पंच. नाताळात टोळीला घोंगड्या वाटल्या होत्या, पाळकसाहेबांनी पुढं जोडलं, जणू त्यानं बरोबरी होत होती.

मी त्यांना शब्द दिला नाही. उद्या सांगते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोप्यांकडे गेले. टोळी पहाटेच तोडीला गेली असेल असं वाटलं होतं, पण कारखाना साफसफाईसाठी दोन दिवस बंद होता, त्यामुळं सगळे घरीच होते. मुक्ता नावाची एक बाई चुलीपुढं बसली होती. तिशीतली असेल, उन्हानं रापलेली, बोलायला खणखणीत. ती आणि तिचा नवरा मिळून ऊस तोडतात. तिनं मला बसायला पोतं टाकलं आणि चहा दिला. त्या चहासाठी पाणी कुठून आलं असेल ते माझ्या मनात आलं आणि मी तिला तेच विचारलं.

पाणी ओढ्यापलीकडच्या एका शेतातून आणावं लागत होतं, तेही मालकाच्या मर्जीनं. तिची जाऊ पोटुशी होती. मागच्या आठवड्यात घागरीसकट बांधावरून घसरली. मूल वाचलं, पण ती अजून पाठ धरून चालत होती. आंघोळीचं तर विचारूच नका, मुक्ता म्हणाली. बाया अंधार असेस्तोवर उरकतात, साडीचा आडोसा करून. मी तिला विचारलं, चर्चमध्ये जाऊन मागितलं का? तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"मागायला गेलं की भिकारी म्हणतेत, न मागता घेतलं की चोर. मंग आमी काय म्हणून जावं, तुमीच सांगा."

मी चहा संपवून उठले. परत येताना माझा निर्णय झाला होता. लाजराचंच आख्यान घ्यायचं. त्या दाखल्यातला श्रीमंत माणूस भिकाऱ्याला मारत नाही, हाकलत नाही, शिवीही देत नाही. तो फक्त रोज त्याच्यावरून जातो-येतो. वडील हे सांगताना थांबायचे आणि श्रोत्यांकडे बघायचे. गरिबाला न दिसल्यासारखं करणं हेच त्याचं पाप, असं ते म्हणत. मीही हे कितीतरी गावांत म्हटलं होतं. या गावात मात्र ते भिंतीच्या दोन्ही बाजूंना ऐकू जाणार होतं.

मी सरळ गुरुजींकडे गेले आणि त्यांना ते सांगितलं. पाठीमागून काही करायचं नव्हतं. गुरुजी अंगणात बसून हरभरा सोलत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की आपले लोक वर आले ते शिस्तीनं आणि शिक्षणानं. विहीर आणि वसतिगृह सांभाळलं म्हणून ती आज आहेत. आणि दुसरी एक गोष्ट आहे, ती तुम्ही शहरातून येणारी माणसं विसरता. "उद्या कुणीतरी उठून म्हणंल, पाण्याच्या बदल्यात बाटवायला लागलेत. मग ही पोरं घेऊन मी कुठं जाऊ?" त्यांची भीती खोटी नव्हती. मी ते कबूल केलं आणि तरीही आख्यान तेच घेणार असं सांगितलं. गुरुजींनी माझ्या ओंजळीत सोललेला हरभरा घातला. म्हणाले, घ्या, तुमचा धर्म तुमच्यापाशी.

त्यांच्या ओसरीवर त्यांची थोरली बहीण रूथआजी बसली होती. ऐंशीच्या पुढची, कमरेत वाकलेली. आमचं बोलणं चालू असताना ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, तिला ऐकू येत नसावं.

सणाच्या दिवशी चर्च पानाफुलांनी भरून गेलं होतं. ज्वारीची कणसं, उसाची कांडी, भोपळे, अंडी, कुणाच्या घरचा खवा, एक कोंबडी पाय बांधून ठेवलेली. हंगामाचं पहिलं फळ देवाला वाहायचं आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव करायचा, ही आमची जुनी रीत. लोक एकेक करून आपलं अर्पण वेदीपुढं आणून ठेवत होते. शेवटी रूथआजी उठली. तिच्या कमरेवर पितळी घागर होती, पाण्यानं काठोकाठ भरलेली. पाळकसाहेब मदतीला धावले, तिनं मानेनंच नको म्हटलं. घागर भोपळ्यांच्या मधोमध ठेवली, हात जोडले आणि जागेवर जाऊन बसली. आजी म्हातारी झालीय, असं माझ्यामागं कुणीतरी पुटपुटलं.

उपासना संपली आणि आम्ही अंगणात आलो. प्रीतिभोजनाची पातेली एका बाजूला झाकून ठेवलेली, दुसरीकडे लिलावाचं टेबल. भिंतीपलीकडे टोळीतली माणसं जमली होती; भिंतीवर कोपर टेकून गंमत बघत होती. लिलाव रंगला. एक भोपळा तिघांनी आळीपाळीनं विकत घेऊन पुन्हा वाहिला. कोंबडी सुटून पळाली, ती पकडायला शमुवेल धावला आणि विहिरीच्या कठड्याजवळ आपटला. भिंतीपलीकडच्या बायाही पदर तोंडाला लावून हसल्या. मग पाळकसाहेबांनी घागर उचलून टेबलावर ठेवली. हिला बोली कोण लावणार, असं त्यांनी अर्ध्या आवाजात विचारलं.

रूथआजी काठी टेकत पुढं आली.

"हिची बोली लागत न्हाय," ती म्हणाली. "हे इकायचं पानी न्हाय. म्या देवाला वाह्यलंय."

मग ती मंडळीकडे वळून बोलू लागली. सगळं ठाऊक असलेलंच होतं, पण कुणी बरेच दिवसांत उच्चारलं नव्हतं. तिची आई गावविहिरीवर भांडं घेऊन बाजूला बसायची. कुणाला दया आली तर वरून धार धरायचे, तीही अंतर राखून. दया आली नाही तर रिकामं भांडं घेऊन घरी. मिशनच्या लोकांनी ही विहीर खोदली तेव्हा पहिली घागर आईनं भरली आणि ती रडली. ही तीच घागर. आईनं तेव्हा मिशनच्या साहेबाचे आभार मानले नाहीत, आजी म्हणाली, लोकांना वाईट वाटलं. आई म्हणाली, माझं होतं ते मला मिळालं, त्यात आभार कसले.

एवढं बोलून ती भावाकडे वळली. "याकोब, देवाला वाह्यलेल्या पान्याला कुलूप कुनाचं लावलंयस?"

गुरुजींचा चेहरा आधी कठीण झाला, मग त्यांनी आईच्या त्या घागरीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते निघून जातील. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून किल्ली काढली आणि फाटकाकडे चालू लागले. कुलूप गंजलं होतं, लवकर उघडेना. पलीकडून मुक्ता पुढं आली आणि तिनं दोन्ही हातांनी फाटक घट्ट धरून ठेवलं. मग किल्ली फिरली.

मुक्ता आत आली नाही. उंबरठ्यापाशी थांबून तिनं गुरुजींना तेच विचारलं, जे मला विचारलं होतं. आमी काय म्हणून यायचं?

गुरुजींनी फाटक पूर्ण उघडलं. "शेजारी म्हणून या," ते म्हणाले. "भिंत मी घातली, शेजार देवानं दिलाय."

मुक्ताच्या मागून बाया आत आल्या, पुरुष आले, पोरं आली. ती पोटुशी जाऊ आली, पाठीला हात लावून. कुणीतरी पातेल्यांवरची झाकणं काढली. पंगत एकच बसली, आणि मिसळून बसली, कारण वेगळं बसायला जागाच उरली नव्हती. मटणाचा रस्सा कमी पडेल म्हणून महिला मंडळाच्या बायांनी त्यात आणखी पाणी आणि तिखट घातलं. तसा चविष्ट रस्सा मी क्वचितच खाल्ला आहे.

आणि मी? लाजराचं आख्यान घेऊन आलेली कीर्तनकार? माझ्यासाठी आता काही उरलंच नव्हतं. ज्या दाराविषयी सांगायचं होतं ते उघडलं होतं. शमुवेलनं पेटीवर सूर धरला आणि माझ्याकडे बघितलं. मी मेजवानीचा दाखला घेतला, आमंत्रित आले नाहीत म्हणून यजमान रस्त्यावरच्या, गल्लीबोळांतल्या माणसांना बोलावून घर भरतो तो. पूर्वरंग मी थोडक्यात उरकला. गाताना माझा आवाज असा लागला की माझाच विश्वास बसेना. टोळीतल्या एका म्हाताऱ्यानं टाळ मागून घेतले आणि पुढचा सगळा वेळ तो माझ्यापेक्षा पक्क्या लयीत वाजवत राहिला. आम्ही उभे राहून गायलो, नंतर काहीजण नाचलेही. गुरुजी नाचले नाहीत. पण त्यांचा पाय हलत होता, तो मी पाहिला.

खरं तर एवढ्यावर परत फिरायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर रूथआजी भेटली. वेळा ठरल्या होत्या, मोटरला हात कुणी लावायचा तेही ठरलं होतं, बायांच्या आंघोळीसाठी वसतिगृहाच्या मागं पत्र्यांचा आडोसा उभा राहत होता. मला वाटलं आजी समाधानी असेल. ती नव्हती. आज आपलं मन चांगलं आहे, म्हणाली, उद्या पंच बदलले, मन फिरलं, तर ही माणसं पुन्हा बाहेर. देणाऱ्याच्या मनावर पाणी टांगून ठेवायचं नाही. त्यांचा हक्काचा नळ पाहिजे. प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा दोन दिवसांवर आली होती. आम्ही थांबलो.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. सरपंचबाईंनी विषय ऐकून घेतला. लगेच हरकती आल्या. हे लोक गावचे नाहीत, हंगामापुरते येतात, त्यांना नळ कशाला? एकानं तर विचारलंच, की पाण्याच्या निमित्तानं चर्चमध्ये नेऊन यांना काय काय शिकवलं? गुरुजींना ज्याची भीती होती तेच. मी त्यांच्याकडे पाहिलं. मुक्ता बोलायला उठली, तेव्हा ती मतदार नाही, तिला बोलता येणार नाही, असा गलका झाला.

गुरुजी उठले. पटांगणातली अर्धी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली होती, त्यामुळं ती आपोआप गप्प झाली. ते म्हणाले, "मी मतदार आहे. माझी बोलायची पाळी मी हिला देतो."

मुक्ता फार बोलली नाही. कोणत्या माळावर किती वर्षं टोळी उतरते, पाण्याला कुठं जावं लागतं, जाऊ कशी पडली, एवढंच सांगितलं. मग त्या हरकत घेणाऱ्याकडे वळली. "तुमी इचारलं, काय शिकवलं. यांनी पानी दिलं. नाव बी इचारलं न्हाय, जात बी न्हाय, द्येव बी न्हाय. जेवताना शेजारी बसलं. येवढंच शिकवलं."

सरपंचबाई म्हणाल्या, गावची मुख्य पाइपलाइन चर्चच्या भिंतीजवळूनच जाते. माळाच्या तोंडाशी सार्वजनिक नळ घ्यायला अडचण काय? हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे. त्या हरकत घेणाऱ्याचा नाही झाला, पण त्याच्या बायकोचा झाला.

चर खोदायला वसतिगृहातली मोठी मुलं, टोळीतले पुरुष आणि मंडळीतले बाप्ये एकत्र आले. रफिकभाईंनी रिक्षा बाजूला लावली, पाइप जोडले, आणि मजुरीचं नाव काढलं तेव्हा हात झटकले. तोटी फिरवली तेव्हा आधी नुसती हवा आली, मग लालसर पाणी, मग स्वच्छ. पहिली घागर मुक्ताच्या जावेनं भरली. ती घागर कमरेवर घेऊन कोपीपर्यंत गेली, अगदी थोडं अंतर, आणि पुन्हा परत आली. नुसतं एवढं जवळ आहे हे बघायला. बायांनी टाळ्या वाजवल्या. रूथआजी भिंतीवर बसून बघत होती. मी तिला म्हटलं, आता कीर्तन करायला मला काही शिल्लक ठेवलं नाहीत तुम्ही. ती बोळकं तोंड उघडून मनमोकळी हसली.

परतीच्या गाडीत येडशीचे डोंगर पुन्हा कडेला आले. मी विचार करत होते की आम्ही लोक दयेची गाणी फार गातो. दया चांगलीच, त्या घोंगड्यांनी कुणाची तरी थंडी घालवलीच असेल. पण प्रभू गरिबांसाठी आनंदाची वार्ता घेऊन आला म्हणतात, ती मला त्या गावात पहिल्यांदा बातमीसारखी ऐकू आली: कुणीतरी धावत येऊन सांगावी, नळाला पाणी आलं म्हणून, तशी. शमुवेलला हे सांगितलं. तो म्हणाला, मग पुढच्या वेळी आख्यान छोटं कर आणि चर खोदायला फावडं घेऊन जाऊ.

पुढच्या हंगामात मुक्ताची टोळी दुसरीकडे गेली. त्या माळावर नवी माणसं उतरली, परक्या जिल्ह्यातली, गावात कुणालाच ओळखीची नसलेली. रूथआजीनं मला फोन करून सांगितलं. संध्याकाळी ती भिंतीजवळ बसली होती, म्हणाली. ट्रॅक्टर थांबला, बाया उतरल्या, भांडी काढली आणि सरळ नळावर जाऊन भरू लागल्या. त्यांनी कुणाला विचारलं नाही.